नवीन पत्ता: कळवा

१२ ऑगस्ट २०२५च्या सकाळी मी हायडेलबर्गच्या ब्युर्गरआम्टमध्ये नंबराची चिठ्ठी धरून बसले होते. ब्युर्गरआम्ट म्हणजे आपल्या वॉर्ड ऑफिससारखं कार्यालय. जर्मनीत कुठल्याही गावात राहायला गेलं की दोन आठवड्यांच्या आत तिथे नाव नोंदवावं लागतं, त्याला आनमेल्डुंग म्हणतात. देश सोडताना ते नाव काढून घ्यायचं असतं, ते आबमेल्डुंग. निघायच्या फार तर आठवडाभर आधी ते करता येतं. तिथल्या विद्यापीठातली माझी वर्षाची एक्स्चेंज संपत आली होती, आणि विमान १७ तारखेचं होतं.

फॉर्म एका पानाचा. एका रकान्यात आतापर्यंतचं घर, दुसऱ्यात नवीन घर. पहिल्यात मी वसतिगृहाचा पत्ता लिहिला. दुसऱ्यात कळव्याचा लिहायला घेतला आणि पेन थांबलं. बालवाडीपासून एम.ए.च्या पहिल्या वर्षापर्यंत ज्या घरात राहिले, ज्याच्या स्वयंपाकघराच्या चौकटीवर माझ्या उंचीच्या रेघा आहेत, ते त्या कागदावर 'नवीन घर' होतं. काउंटरवरच्या बाईंनी माझी अडचण पाहिली आणि बोट ठेवून दाखवलं, इथे, जिथे जाणार आहात तो पत्ता. मी लिहिला. शिक्का बसला.

त्या कागदावाचून पुढचं काही हलत नाही, हे जाणाऱ्या प्रत्येकाला मी आता सांगते. आरोग्य विमा बंद करायला तो लागतो. घरटी महिना १८.३६ युरो रेडिओ-टीव्हीची वर्गणी असते, ती थांबवायलाही तोच. आम्ही चौघी एका स्वयंपाकघरात होतो, म्हणून ती वर्गणी चौघींत वाटली जायची, पण नोंदणी माझ्या नावावर होती. ती बदलली नसती तर कळव्यात बसून मी हायडेलबर्गची वर्गणी देत राहिले असते. ब्लॉक्ड अकाउंटचं वेगळंच. व्हिसासाठी मी अर्ज केला तेव्हा वर्षाचे ११,२०८ युरो आधी भरून ठेवावे लागत. त्यातले महिन्याला ९३४ आपल्याला मिळायचे. बाबांनी त्यांच्या प्रॉव्हिडंट फंडातून ते पैसे उभे केले होते. मी ऑगस्टमध्ये निघाले तरी सप्टेंबरचा हप्ता सप्टेंबरमध्येच येणार होता, म्हणून तिथलं बँक खातं बंद न करता आले. घाईघाईने सगळं बंद करून येणाऱ्यांचे पैसे मग मधल्या मध्ये अडकतात.

खोली ताब्यात देणं हा शेवटचा टप्पा. ती बारा चौरस मीटरची होती, आपल्या भाषेत सव्वाशे-एकशे तीस चौरस फूट. एक पलंग, एक टेबल, एक कपाट, आणि पेअरच्या झाडाकडे उघडणारी खिडकी. आयुष्यात पहिल्यांदा मला स्वतःची खोली मिळाली होती. कळव्याचं आमचं घर वन बीएचके. मी आणि धाकटा भाऊ हॉलमध्ये वाढलो. दहावीला मला बेडरूम मिळाली, पण आईबाबांची कपाटं तिथेच होती आणि दर पाच मिनिटांनी कुणीतरी काहीतरी काढायला यायचं. त्या सव्वाशे फुटांचं मला काय वाटत होतं हे कुणाला सांगायला गेले की कृतघ्नपणा वाटायचा, म्हणून सांगितलं नाही.

पाण्यातल्या क्षारांचे पांढरे डाग मी व्हिनेगर लावून दोन दिवस घासत होते. इमारतीची देखभाल करणारे गृहस्थ तपासायला आले. साठीचे, उंच, कमी बोलणारे. त्यांनी बाथरूमच्या काचेवरून बोट फिरवलं, खिडकी उघडून मिटली, टेबलाचा ड्रॉवर ओढून पाहिला. ड्रॉवरच्या आत मी खडूने बारीक स्वस्तिक काढलं होतं, पहिल्या दिवशी, आईने फोनवर सांगितलं म्हणून. ते चिन्ह तिथल्या माणसाला कसं दिसेल, याचा तेव्हा विचारच केला नव्हता. निघायच्या दोन दिवस आधी आठवलं तशी धावत जाऊन ओल्या फडक्याने पुसून टाकलं. ड्रॉवर कोरा निघाला. त्यांनी सही केली, किल्ली घेतली, हात मिळवला. दार त्यांनीच ओढून घेतलं.

सामान तेवीस किलो. कुकर नाशिकहून नव्याने आलेल्या एका मुलीला दिला. जाड कोट, पातेली, टेबललॅम्प खोक्यात भरून फूटपाथवर ठेवलं आणि खोक्यावर 'देऊन टाकायचं आहे' असं जर्मनमध्ये लिहिलं. तिथे तशी पद्धतच आहे. संध्याकाळी पाहिलं तर लॅम्प गेला होता, पातेली होती. १६ तारखेला दहीहंडी. भावाने ठाण्यातल्या दहा थरांचा व्हिडिओ पाठवला. मी रिकाम्या गादीवर बसून तो तीनदा पाहिला.

* * *

विमान मध्यरात्रीनंतर उतरलं. बाहेर बाबा टॅक्सी घेऊन आले होते. त्यांनी बॅग उचलली आणि म्हणाले, "बारीक झालीस." मला ते बारीक झालेले दिसत होते.

आनंदनगरचा टोलनाका आला तशी मी सवयीने म्हटलं, "बाबा, सुट्टे आहेत का?" ते हसले. "अगं, टोल बंद झाला. तू गेलीस आणि ऑक्टोबरात लगेच." मुंबईच्या पाचही वेशींवर लहान गाड्यांना टोलमाफी १४ ऑक्टोबर २०२४च्या मध्यरात्रीपासून झाली, हे मी तिकडे वाचलं होतं. पण गाडी न थांबता नाक्यातून सरळ निघून गेली तेव्हा पोटात काहीतरी हललं. पंचेचाळीस रुपयांची ती थांबण्याची जागा माझ्यासाठी 'आलं आता ठाणं' अशी खूण होती. खूण न लागताच ठाणं आलं.

घरात आई जागी होती. भाऊ उठून बसला होता. आणि बेडरूममध्ये, माझ्या पलंगावर, आजी झोपली होती.

हे मला माहीत होतं. तरीही ते दाराशी उभं राहून पाहणं वेगळं. आजी जानेवारीत ओतूरला न्हाणीघरात घसरून पडली. मांडीच्या हाडाला मार लागला, नारायणगावला ऑपरेशन झालं, नंतर बाबांनी तिला कळव्याला आणलं. मला हे फेब्रुवारीच्या शेवटी कळलं, माझ्या सेमिस्टरच्या परीक्षा संपल्यावर. दीड महिना रोज व्हिडिओ कॉल होत होते आणि एकानेही सांगितलं नव्हतं. आई फोन धरायची तो कोन बदलला होता, पाठीमागे नेहमी भिंतच दिसायची, एवढंच माझ्या लक्षात आलं होतं. कळलं त्या दिवशी मी खूप बोलले. आई शांतपणे म्हणाली, "सांगून तू काय करणार होतीस बाळा? तिकीट काढून आली असतीस." ते खरं होतं आणि म्हणूनच मला जास्त लागलं.

पलंगाखालच्या माझ्या पुस्तकांच्या खोक्यांच्या जागी आता आजीचा वॉकर आणि बेडपॅन होतं. खोकी माळ्यावर गेली होती. माझी गादी आईने आजीच्या पलंगाशेजारी खाली घातली होती, धुतलेली चादर ताणून, उशाशी पाण्याचा तांब्या. मी आडवी झाले. वर आजीचा हात पलंगाच्या कडेवरून खाली लोंबत होता, शिरा वर आलेल्या, हिरव्या बांगड्यांतली एक पिचलेली. पहाटे कधीतरी त्या हाताने माझं डोकं चाचपलं. "आलीस व्हय," एवढंच.

* * *

दुसऱ्या दिवशी पाऊस सुरू झाला. १८ आणि १९ ऑगस्टचा तो पाऊस मुंबई-ठाण्यातल्या कुणाला सांगायला नको. १९ला सीएसएमटी ते ठाणे मुख्य मार्गावरची लोकल बंद पडली, ऑफिसांना सुट्टी दिली गेली, आणि आम्ही पाच जण दोन दिवस एका घरात. बाहेर वाळत घालायला जागा नाही म्हणून हॉलभर दोऱ्या, दोऱ्यांवर ओले कपडे, त्याखालून वाकून चालायचं. टीव्ही चालू. मिक्सर चालू. खालच्या मजल्यावरच्यांचा कुत्रा विजेला घाबरून रडत होता. साडेतीन तासांच्या फरकाने माझी झोप अजून तिकडच्या वेळेवर होती. पहाटे चारला डोळे लागायचे आणि सहाला आजीला उठवून बसवायची वेळ व्हायची.

इथे एक गोष्ट लिहिली नाही तर बाकी सगळं लिहिण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बेडरूमचं दार लावून घेतलं. कडी नव्हती लावली, नुसतं लोटून घेतलं. आजी झोपली होती, मला माझा शेवटचा निबंध पाठवायचा होता. तिकडे वर्षभर दार बंद ठेवूनच बसायचं असतं. कुणाला काही हवं असलं की दारावर टकटक होते, आणि बंद दाराचा अर्थ फक्त 'ती आत आहे' एवढाच असतो. आमच्या घरात दिवसा दार लावायचे प्रसंग ठरलेले आहेत. कुणी कपडे बदलत असतं, कुणी आजारी असतं, नाहीतर भांडण झालेलं असतं.

तासाभराने मी दार उघडलं तर उंबऱ्यापाशी जमिनीवर चहाचा कप ठेवलेला. वर बशी झाकलेली. चहा गार झाला होता, त्यावर साय धरली होती. आईने टकटक केली नव्हती, कारण स्वतःच्या घरात मुलीच्या दारावर टकटक करायची तिला सवय नाही. आत आली नव्हती, कारण मी दार लावलं होतं. ती कप घेऊन दाराशी किती वेळ उभी राहिली असेल हे मी तिला कधी विचारलं नाही.

मी तो गार चहा तिच्यासमोर बसून प्यायले. आई तांदूळ निवडत होती. म्हणाली, "तिकडे सगळं वेगळं वेगळं असतं ना." मी म्हटलं, "आई, तिकडचं नाही. मला थोडा वेळ एकटीला लागतो. आधीही लागायचा, पण तेव्हा मला ते माहीत नव्हतं." तिने ताटातले खडे बाजूला केले. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मलाही लागतो गं. मी गच्चीवर जाते कपडे आणायला, तेव्हा बसते दहा मिनिटं."

इतकी वर्षं या घरात राहून मला हे ठाऊक नव्हतं.

* * *

लपवलेलं फक्त त्यांनीच होतं असं नाही. माझा तिकडचा हिवाळा वाईट गेला. डिसेंबरात दुपारी साडेचारला अंधार पडायचा, नेकार नदीवर धुकं उतरायचं, आणि शुक्रवार संध्याकाळपासून सोमवार सकाळपर्यंत मी कधीकधी एकाही माणसाशी बोललेली नसायची. रविवारी दुकानं बंद, रस्ते रिकामे. वसतिगृहातल्या मुली चांगल्या होत्या, पण मैत्री व्हायला तिथे वेळ लागतो. मार्चमध्ये ती झालीही. तोवर मी विद्यापीठाच्या समुपदेशकांकडे जात होते. घरी फोन करायच्या आधी मी दिवा लावायचे, केस विंचरायचे आणि गरम पाण्याने तोंड धुवायचे.

मग ९ जून. त्या दिवशी मी सातला उठले, इकडे साडेदहा वाजले होते. मुंब्र्याजवळ धावत्या लोकलमधून माणसं पडल्याची बातमी फोनवर वर वर येत होती. बाबा कळव्याहून रोज त्याच वेळी निघतात. त्यांची गाडी मुंबईच्या बाजूला जाते हे मला ठाऊक, तरी मुंब्रा म्हणजे शेजारचं स्टेशन, आणि गाडीत कोण कुठून चढतं हे अशा वेळी डोक्यात राहत नाही. बाबांचा फोन लागेना. आईचा लागेना. वीस मिनिटांनी भावाचा मेसेज आला, बाबा ऑफिसात पोचलेत, मशीद बंदरला रेंज नाही. मी पलंगाखाली, जमिनीवर बसले होते हे तेव्हा लक्षात आलं. त्या सकाळी मला पहिल्यांदा परत यायचं होतं. तोवर तारीख जवळ आली की मन खट्टू व्हायचं, हेही खरंच सांगायला हवं.

हे सगळं मी पावसाच्या दुसऱ्या रात्री आजीला सांगितलं. लाइट गेली होती. ती वर, मी खाली, दोघींची तोंडं छताकडे. समुपदेशक म्हणजे काय हे सांगायला वेळ लागला. ती ऐकून म्हणाली, "बाईमाणसाला बोलाया कुणीतरी लागतं. मी वढ्यावर जायाची." मग तिने मला विचारलं, एवढं शिकायला गेलीस ते काय शिकलीस?

मी इतिहासाची. हायडेलबर्ग विद्यापीठात १९६२ साली दक्षिण आशिया संस्था सुरू झाली, तिथे मी वर्षभर होते. तिथे गुंथर सोनथायमर नावाचे अभ्यासक होते. १९९२ला गेले. त्यांनी आयुष्यभर महाराष्ट्रातले धनगर, खंडोबा, बिरोबा यांचा अभ्यास केला. ग्रंथालयाच्या रॅकमध्ये पहिल्यांदा 'खंडोबा' हा शब्द पुस्तकाच्या पाठीवर रोमन लिपीत वाचला तेव्हा मी तिथेच जमिनीवर बसले होते. खंडोबा आमचं कुलदैवत. आमच्या घरी चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत आणि रोडगा होतो, तळी भरली जाते, आणि मी लहानपणापासून ते फक्त सुट्टीच्या दिवसासारखं पाहिलं होतं. आजीच्या तोंडून त्याबद्दल काही विचारून घ्यावं हे मला साडेसहा हजार किलोमीटर दूर जाईपर्यंत सुचलं नाही.

"जर्मनीचा मानूस? जेजुरीला?" आजी अंधारात उठून बसायला लागली. मी तिला धरलं. "मग कपाळाला भंडारा लावला आसंल की त्यानं."

"लावला असेलच."

"म्हंजे झालाच की त्यो आपला." ती परत आडवी झाली आणि म्हाळसेची आणि बाणाईची भांडणं सांगायला लागली. म्हाळसा वाण्याची, बाणाई धनगराची. ती सांगताना दोघींचे आवाज वेगळे काढते. मी फोन उशाशी ठेवून रेकॉर्ड करायला लागले. त्या रात्रीपासून आजवर एकोणीस रेकॉर्डिंग झाली आहेत. काहींत मिक्सरचा आवाज आहे.

* * *

सोसायटीत मी आल्याचं आठवड्याभरात सगळ्यांना कळलं. समोरच्या काकू, खालचे वॉचमन काका, दूधवाला दादा, सगळ्यांचा एकच प्रश्न: "कायमची आलीस?" त्याच्या मागे दुसरा, थोडा खालच्या आवाजात: "तिकडे नोकरीचं नाही झालं का?" ही एक्स्चेंज होती, वर्षाचीच होती, ठरल्याप्रमाणे जाऊन ठरल्याप्रमाणे आले, हे मी पहिल्या दिवशी तीन वाक्यांत सांगायचे. गणपतीपर्यंत ते एका वाक्यावर आलं: "हो काकू, आले." २७ ऑगस्टला घरी दीड दिवसाचा गणपती बसला, आरतीला सगळा मजला जमला, आणि त्यानंतर कुणी विचारलं नाही.

कळव्याला पाणी एमआयडीसीचं. दुरुस्ती निघाली की चोवीस तास बंद. मी तिकडे नळाचं पाणी सरळ प्यायची, इथे ड्रम भरायचे. त्याची सवय दोन आठवड्यांत परत लागली. लोकलची लागायला जास्त वेळ गेला. पहिल्या दिवशी मी उतरणाऱ्यांना वाट द्यायला बाजूला उभी राहिले आणि गाडी निघून गेली. दुसऱ्या दिवशी आत शिरले, पण कुणालाच 'कुठे उतरणार' हे विचारायचं सुचलं नाही, त्यामुळे दादरपर्यंत उभी. माझ्या आईच्या वयाच्या एका बाईंनी माझा दंड धरून आत ओढलं. "दारात नको थांबू गं पोरी. हे मुंब्र्याचं झाल्यापासून माझा जीव वर-खाली होतो." त्या दिवा-मुंब्र्याच्या नव्हत्या. घाटकोपरला उतरल्या.

कॉलेजचा भाग मात्र सविस्तर लिहायला हवा, कारण इथे आपली मुलं हकनाक वर्षं घालवतात.

जाताना माझ्या विभागाने एक करारपत्र सही करून दिलं होतं: तिकडचे कोणते विषय आपल्याकडच्या कोणत्या पेपरांच्या जागी धरले जातील त्याची यादी. सप्टेंबरात ते आणि तिकडची गुणपत्रिका घेऊन परीक्षा विभागात गेले. सही करणाऱ्या बाई मार्चमध्ये निवृत्त झाल्या होत्या. विभागाकडची प्रत सापडेना. तिकडच्या गुणपत्रिकेवर माझे गुण होते १.३, १.७, २.३ असे. टेबलावरच्या मॅडमनी विचारलं, "१.३ कितीपैकी?" मी म्हटलं, तिकडे १ सगळ्यात चांगला, ४ म्हणजे पास, ५ नापास. त्यांनी मान डोलावली. पण दहा दिवसांनी फाइल पाहिली तर माझ्या नावापुढे सगळ्या विषयांत 'अनुत्तीर्ण'. दहापैकी १.३ समजून कुणीतरी पुढे पाठवलं होतं.

मी त्या दिवशी जिन्यात बसून रडले. घरी जाऊन आजीजवळ बसले, काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी दोन कागद काढले. एक, करारपत्राची माझी प्रत, जिच्यावर जाण्याआधी मी हट्टाने आवक क्रमांकाचा शिक्का मारून घेतला होता. तो शिक्का होता म्हणून पत्र खरं ठरलं. दुसरा, तिकडच्या विद्यापीठाने गुणपत्रिकेसोबत दिलेलं श्रेणींच्या अर्थाचं पान. मी ते झेरॉक्समध्ये जोडलंच नव्हतं.

मग आकडेमोड. परदेशी गुण जर्मन श्रेणीत बदलायला तिथे बव्हेरियन सूत्र वापरतात: सर्वोच्च गुणांतून मिळालेले वजा करायचे, त्याला सर्वोच्च आणि किमान पास यांच्या फरकाने भागायचं, तिनाने गुणायचं, एक मिळवायचा. ते उलटं लावलं की आपल्याकडचे गुण मिळतात. दहापैकी चारला पास धरलं तर १.३ म्हणजे ९.४, १.७ म्हणजे ८.६, २.३ म्हणजे ७.४. मी प्रत्येक विषयाची रीत एका पानावर हाताने मांडून मॅडमसमोर ठेवली. त्यांनी कॅल्क्युलेटर काढला आणि एकेक पायरी स्वतः करून पाहिली. शेवटचा आकडा जुळल्यावर त्यांनी चष्मा काढला. "हे आम्हाला आधी कुणी दाखवलंच नाही गं. दर वर्षी एक-दोन मुलं येतात अशी." ते पान त्यांनी झेरॉक्स करून टेबलाच्या काचेखाली ठेवलं. पुढच्या मुलाच्या उपयोगी पडेल.

समितीची बैठक ऑक्टोबरात झाली. क्रेडिटचा घोळ त्यानंतरही होता. तिकडचं एक क्रेडिट म्हणजे पंचवीस ते तीस तासांचं सगळं काम, वाचन आणि लेखन धरून. आपल्याकडे पंधरा तासांच्या वर्गांवर मोजतात. दोन विषय त्यात बसले नाहीत आणि ते मला यंदा परत द्यायचे आहेत. चार मान्य झाले. पत्र नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात हातात आलं. माझी बॅच पास होऊन गेली आहे, एक जण बँकेत लागली, दोघी बी.एड. करताहेत. मी एक वर्ष मागच्यांबरोबर बसते. पहिल्या दिवशी त्यांनी मला 'ताई' म्हटलं. जो कुणी जाणार असेल त्याने निघायच्या आधी प्रत्येक कागदावर आवक शिक्का घ्यावा आणि घरच्यांना दरमहा आपलं इथलं सिम रिचार्ज करायला सांगावं. बँकेचा ओटीपी त्यावर येतो आणि बंद पडलेला नंबर परत मिळवणं फार कठीण.

त्याच आठवड्यात वसतिगृहाची अनामत आली. पूर्ण. सप्टेंबरचा हप्ता आधीच आला होता. मी दोन्ही मिळून बाबांकडे पाठवले आणि तिकडचं खातं बंद करायचा अर्ज केला. बाबांनी त्यातली थोडी रक्कम मला परत दिली. म्हणाले, "तुला काय हवं ते घे."

मला टेबल हवं होतं. जागा नव्हती. आईनेच सुचवलं, भिंतीला बिजागरीवर फळी ठोकायची, काम झालं की पाडून ठेवायची. खारेगावहून सुतारकाका आले, टेप लावला, आणि विचारलं कुठे लावू. बेडरूममध्ये मोकळी भिंत दोनच ठिकाणी होती, एक दारामागे आणि एक खिडकीखाली आजीच्या पायाशी. मी दारामागची दाखवली. तिथे बसलं की दार लोटलेलं राहतं.

आजी पलंगावरून म्हणाली, "तिथं उजेड न्हाई. खिडकीपाशी लावा. मी पाय आखडून घेते."

सुतारकाकांनी माझ्याकडे पाहिलं. मी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "खिडकीपाशीच लावा. दार काय, तिथूनही लोटता येतं."